भिंतीपलीकडचं हसू

गुरुवार, डिसेंबर. दिवेलागणीला.

शेजारच्या रजियाआपांची नजर गेलेली. म्हणून दर हिवाळ्यात मी गच्चीवर विनोदी पुस्तक मोठ्यानं वाचायचे. आपा मधल्या भिंतीपलीकडं, त्यांच्या गच्चीवर बसून हसायच्या, मग खोकायच्या. यंदा दिवाळीआधी वारल्या. घराला कुलूप मीच लावलं.

आज मनातल्या मनात वाचत होते. नवरदेव भलत्याच मांडवात जेवायला बसतो तिथं आले, आणि पलीकडून हसू आलं. मागोमाग खोकला. हर्सूलच्या तळ्याकडचं वारं असेल? पण मी तर ओठही हलवले नव्हते. खाली जाऊन कुलूप पाहिलं. तसंच होतं.

लई भ्याले, तरी वर येऊन तेच पान मोठ्यानं वाचलं. पलीकडं शांत. बरोबरच आहे. एकदा ऐकलेल्या विनोदाला आपा परत हसायच्या नाहीत. "हो गया वो, आगे पढ," म्हणायच्या.

मी पान उलटलं.