मागच्या वेळेबद्दल आभार

प्रिय बिर्टेताई,

धाकट्या भावाचा, म्हणजे प्रेबेनचा, सहा वर्षं साठलेला नमस्कार एकरकमी पोचता करतो. गुडघा कसा आहे? (गुडघ्याची बातमी मला आपल्या मावसबहिणीकडून कळते. ती नाताळात आपल्या दोघांनाही कार्ड पाठवते आणि प्रत्येकाच्या कार्डात दुसऱ्याची दुखणी लिहिते. त्यामुळे बोलणं बंद असलं तरी एकमेकांच्या सांध्यांविषयी आपण अजिबात अंधारात नाही.) माझा रक्तदाब औषधाच्या ऐकण्यात आहे. रॅग्नहिल मजेत आहे आणि शेजारी डाराडूर घोरते आहे, कारण हे पत्र मी जहाजावरून लिहितो आहे. कोपनहेगन नुकतंच मागे पडलं. हो ताई, आजचा अख्खा दिवस मी तुझ्या गावात होतो आणि तुझ्याकडे आलो नाही. रागावून पत्र फाडू नकोस, आधी वाच. फाडायचंच असेल तर शेवटी फाड.

झालं असं, की आमच्या मुलीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हाला बाल्टिक समुद्राच्या सहलीवर धाडलं. शेवटचा मुक्काम कोपनहेगन, तिथून थेट ओस्लो, म्हणजे घर. मुलगी भोळी नाही. शेवटचा मुक्काम कुठला आहे ते पाहूनच तिने तिकीट काढलं असणार. मीही निघालो तो तुला भेटायचंच असं ठरवून. पण तुझ्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, यावर माझं घोडं सहा वर्षं अडलेलं आहे.

तुला काय सांगायचं! आपल्या डॅनिश लोकांत पुन्हा गाठ पडली की आधी “मागच्या वेळेबद्दल आभार” म्हणायचं आणि मग बाकीचं काय ते. ते म्हटल्याशिवाय कोणी कोट काढत नाही की कॉफी ओतत नाही. आणि आपली मागची वेळ म्हणजे तुझा सत्तरीचा वाढदिवस. सगळ्या भाच्या-पुतण्यांनी तुझ्यावर गाणी रचून आणली होती, मीही आणलं. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात छापील प्रत आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळ्यांनी उभं राहून गायचं. नवव्या कडव्यात मी लिहिलं होतं, की लहानपणी ताई घरासमोरच्या कालव्यात पडली. पाद्रीबुवा अगदी खर्जात गात होते. तेवढ्यात तू, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, काट्याने ग्लास वाजवून सगळ्यांना गप्प केलंस आणि म्हणालीस, “पडले नव्हते. ह्याने ढकललं होतं.” मी म्हणालो, “पडलीस.” तू म्हणालीस, “ढकललंस.” दहावं कडवं (फार हृद्य होतं) कोणी गायलंच नाही, केक तसाच राहिला, आणि मी दुसऱ्या दिवसाच्या बोटीने ओस्लोला परतलो. आता सांग, तुझ्या दारात उभं राहून मी त्या वेळेबद्दल आभार मानले तर तो टोमणा होतो, आणि न मानले तर उद्धटपणा. रॅग्नहिल म्हणते, “नुसतं म्हणायचं असतं रे ते. तोंड उघडायचं, शब्द बाहेर सोडायचे.” पण नॉर्वेचे लोक डोंगरात वाढलेले, त्यांना काय.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी डेकवर गेलो. ताई, लहानपणी आपण धक्क्यावर उभे राहून जहाजांकडे मान वर करून बघायचो. आज मी बाराव्या मजल्यावरून खाली बघत होतो आणि आपलं सबंध गाव माझ्या पायाशी, हिरव्या तांब्याच्या मनोऱ्यांसकट, एखाद्याने टेबलावर मांडून ठेवावं तसं. मला ते बरोबर वाटलं नाही. बाबा असते तर म्हणाले असते, “हे जहाज नव्हे, आडवं पडलेलं इस्पितळ आहे.” जहाजबांधणीत उमर गेली त्यांची. त्यांच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आई बटाटे चुलीवरून उतरवायची, आठवतं? आज भोंगा नव्हता. ध्वनिक्षेपकावरून एक गोड बाई सांगत होती, की सहलीला जाणाऱ्यांनी छातीवर आपापल्या गटाचा कागद चिकटवावा.

तर ज्या गावात माझा जन्म झाला तिथे मी छातीवर पिवळा कागद आणि डोक्यावर जहाजाची फुकटची टोपी घालून उतरलो. (वेगळं फिरू या असं मी सुचवलं होतं. रॅग्नहिल म्हणाली, सहलीचे पैसे भरलेत.) आमचा वाटाड्या नुनो नावाचा पोर्तुगालचा तरुण. छत्री उंच धरून तो मला कोपनहेगन दाखवत होता. आधी खडकावरचा तो जलपरीचा छोटा पुतळा. सगळे म्हणाले, “एवढासाच?” आणि का कोण जाणे, लाज मला वाटली, जणू मीच तो अपुरा घडवला होता. मग नुनो म्हणाला, “डॅनिश माणसं मनाने चांगली, पण त्यांच्या घरी जायचं तर तीन आठवडे आधी विचारावं लागतं. सख्ख्या भावालासुद्धा!” सगळी बस हसली. रॅग्नहिल सगळ्यांत मोठ्याने हसली आणि तिने मला कोपराने ढोसलं. तीन आठवडे आधी मी फोन उचललाही होता ताई. पण फोनवरही पहिलं वाक्य तेच.

राजवाड्याजवळ आम्हाला उतरवलं आणि सगळा गट खुशाल सायकलींच्या वाटेवर उभा राहून फोटो काढू लागला. माझ्यातला कोपनहेगनकर खवळला. मी ओरडलो, “बाजूला व्हा, ही वाट सायकलींची!” ओरडता ओरडता मी स्वतःच त्या वाटेवर आलो. समोरून सायकलवर एक बाई, पुढच्या पेटीत दोन पोरं बसवलेली, घंटा बडवत येऊन माझ्या पोटापाशी थांबली. “काय आजोबा, हा रस्ता म्हणजे तुमच्या बोटीचा डेक वाटला का?” मी आपल्या भाषेत म्हटलं, “अहो, मी इथलाच आहे!” तर म्हणते कशी, “मग तर दुप्पट लाज वाटली पाहिजे!” आणि गेली. ताई, खरं सांगतो, मला भरून आलं. ओस्लोत इतकी वर्षं राहिलो, पण तिथे कोणी मला इतक्या आपुलकीने झापलेलं नाही.

त्यानंतर कालव्यातली नाव. तीच ती, चपटी, उघडी, ज्यातल्या पाहुण्यांना आपण दोघं धक्क्याच्या दगडावर बसून हात करायचो. मोठेपणी आपण कधी तिच्यात बसलो नाही. इथलं कोण बसतं? नाव बंदरातून क्रिस्टियान्सहाउनच्या कालव्यात वळली आणि मी काठावरून खाली वाकलो. पाणी स्वच्छ! तळ दिसत होता! आपल्या वेळी त्या पाण्यावर तेलाचे रंगीत डाग तरंगायचे आणि आई म्हणायची, की त्यात पडलेलं मूल धुण्यापेक्षा नवीन आणलेलं सोपं. ज्या घरांच्या अंगणात सात बिऱ्हाडांचा एक संडास होता, त्या घरांकडे बोट दाखवून नुनो सांगत होता की इथे आता फार बडे लोक राहतात. मला सांगावंसं वाटलं, की त्यातली एक माझी बहीण आहे आणि ती बडी नाही, फक्त तिने घर सोडलं नाही.

आणि मग तू दिसलीस.

धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून, निळा स्वेटर घालून, थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत बसली होतीस. गुडघ्यावर शाल. नुनो म्हणाला, “उजवीकडे बघा, अस्सल जुने रहिवासी! हात करा, तेही करतील, पण जास्त अपेक्षा ठेवू नका.” रॅग्नहिल माझी बाही ओढत म्हणाली, “अरे, ती बघ तुझी ताई! हाक मार!”

“काय म्हणून मारू?”

“नावाने मार, मूर्खा!”

मी उभा राहिलो. समोर पूल. (तो बुटका पूल, ज्याच्याखाली सगळ्यांना माना खाली घालाव्या लागतात आणि आपण वरून हसायचो.) नुनो किंचाळला, “बसा! डोकं!” रॅग्नहिलने मला कोटाला धरून खाली ओढलं आणि मी एका जर्मन गृहस्थाच्या मांडीवर बसलो. तिथूनच मी हात केला. आणि ताई, तू पण केलास. तसाच, कोपरापासून, महाराणी असल्यासारखा. पण तो सगळ्यांना केलास. आपण प्रत्येक पाहुण्याला एक आयुष्य देऊन टाकायचो ना? हा डुकरांचा व्यापारी, ही त्याची तिसरी बायको, तो जाडा पैसे चोरून पळालाय. आज टोपीवाल्या, जर्मनाच्या मांडीवरच्या म्हाताऱ्याला तू कुठलं आयुष्य दिलंस, याचा मी तेव्हापासून विचार करतोय.

तो धक्क्याचा दगडही पाहिला, जिथून तू पडलीस (किंवा जे काय झालं ते). शेवाळाने हिरवागार आहे आणि नावेतून बघितला तर फारच छोटा दिसतो. त्यावर दोन मुलं एकदम कशी मावत होती, तेच कळत नाही. मी सहा वर्षांचा होतो, तू दहाची. तुला बाहेर काढलं तेव्हा तू रडली नाहीस, मी रडलो, आणि घरी जाईपर्यंत ओल्या हाताने तूच माझं नाक पुसत होतीस. हे कडव्यात बसत नव्हतं म्हणून राहून गेलं.

नाव परत आली. परतीच्या बसकडे जाताना पादचाऱ्यांचा लाल दिवा लागला. रस्ता पार मोकळा, दूरवर एक गाडी नाही. नुनो छत्री उंचावून निघाला, त्याच्यामागे गट, गटात रॅग्नहिल. मी थांबलो. लाल दिव्यात मी कसा जाणार? माझ्या शेजारी एक कुत्रं घेतलेल्या आजीबाई थांबल्या होत्या. आम्ही दोघं आणि कुत्रं, तिघंही समोर बघत उभे. आजीबाई म्हणाल्या, “गेले तुमचे लोक.” मी म्हटलं, “जाऊ देत, ते परदेशी आहेत.” हिरवा झाला तोवर छत्री कुठल्या कुठे. मग माझे पाय पुलाकडे, तुझ्या बाजूला वळले होते खरे. पण मी त्यांना आवरलं, लाल सॉसेज खाल्लं, (चव तीच, कोटावर पडण्याची पद्धतही तीच) आणि वेळेत जहाजावर पोचलो. आता कठड्यापाशी उभा राहून मनोरे लहान होताना बघतोय. गुडघ्याला जप. पुन्हा कधी योग येईल तेव्हा येईल.

तुझा भाऊ,
प्रेबेन

ता. क. — मुख्याध्यापिकेच्या नजरेतून सुटायचं नाही म्हणून सांगून टाकतो. हा कागद जहाजाचा नाही, पाहुण्यांना वाटतात त्या नकाशाची मागची बाजू आहे. जहाज हलत असताना अक्षर इतकं सरळ येतही नाही. जहाज गेलं. मी त्यावर नाही. पाय आवरले नाहीत. मी तुझ्या घरासमोर, कालव्याच्या पलीकडच्या कॅफेत बसलो आहे आणि तिसरी कॉफी पितो आहे. मघाशी तू खुर्ची घडी करून आत गेलीस तेही पाहिलं. गुडघा मावसबहीण लिहिते त्यापेक्षा जास्त दुखतो तुझा.

आणखी एक — रॅग्नहिल घोरत असेल तर ओस्लोच्या वाटेवर घोरत असेल. तिचा फोन आला होता. मी म्हटलं, “अगं, लाल दिवा होता.” ती म्हणाली, “सहा वर्षं लाल आहे तुझा. आता जा पलीकडे. आणि ताईशी बोलल्याशिवाय घरी आलास तर दार उघडणार नाही.” म्हणजे बायकोच्या दाराची चावीही तुझ्याकडेच. माझा पायजमा, दाताचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं तिच्याबरोबर पुढे गेलंय. ओस्लोची बोट उद्या दुपारी आहे. एका रात्रीपुरता तुझा सोफा मिळेल का? हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. बाकीचं धीर गोळा होईपर्यंत लिहीत गेलो.

अगदी शेवटचं — आता मी तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसून मांडीवर लिहितोय. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, “बेल चालू आहे हं.” दुसऱ्यांदा म्हणाली, “त्यांना ऐकूही येतं.” तुझी पावलं आत वाजतायत, एक जोरात, एक हळू. हा कागद दाराच्या फटीतून आत सारतो. ताई, मी ते वाक्य म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. दार उघड आणि सरळ रागवायला लाग. मी कोट काढून ठेवला आहे.