येगोरने कापलेला बर्फ

१९ ऑक्टोबर

फेरी बंद झाली. नदीवर बर्फाचे तुकडे वाहायला लागले — आता बोट चालत नाही आणि बर्फ घट्ट होऊन त्यावरून गाडी चालायला अजून महिना-दीड महिना. शहर पलीकडे दिसतंय, आम्ही इकडे अडकलोय. पिठाची पोती उन्हाळ्यातच बोटीने आली, त्यामुळे उपाशी मरणार नाही. मामंजींच्या तोंडाकडे बघून बघून मात्र मरेन! दिवसात चार शब्द बोलतील तर शपथ.

शहरातून मार्फाताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला होता. "नदीवरून रस्ता झाला की ह्यांना गाडी घेऊन पाठवते. ये निघून. इथे नळ फिरवला की पाणी!" नळाला तरी दुसरं काय येतं? हीच नदी. पण निदान दिसत तरी नाही.

मी हो म्हणाले. मामंजींना अजून सांगितलेलं नाही.

२३ ऑक्टोबर

तळघरातला बर्फ संपत आलाय. ह्या लाद्या गेल्या हिवाळ्यात येगोरने कापलेल्या. एप्रिलमध्ये शेवटच्या खेपेला नदीवरचा बर्फ फुटला आणि ट्रकसकट येगोर नदीत गेला. ट्रक काढला. माझा नवरा सापडला नाही. तेव्हापासून मी फक्त त्याच्या हातच्या लाद्या वितळवून पिते.

आणि मामंजी? उन्हाळाभर बादली घेऊन नदीवर! काठावरच घटाघटा प्यायचे. पोटचा मुलगा गिळलाय तिने, ह्यांच्या घशाखाली उतरतं कसं?

गाव तिला आजी म्हणतं. नाव घेऊ नये, तिला राग येतो म्हणे. मी घेते. लेना! लेना! येऊ दे राग.

६ नोव्हेंबर

नदी गोठली. सकाळी उठले तर बाहेर आवाजच नाही. मामंजी म्हणाले, "आजी निजली."

मी म्हटलं, "पोट भरलं की झोप येतेच."

बोलायला नको होतं. ते करवतीला धार लावत बसले.

१५ नोव्हेंबर

आज सगळं गाव बर्फ कापायला नदीवर. वर्षभराचं प्यायचं पाणी. मामंजींनी पहाटेच धिरडी घातली, पहिलं आजीला द्यायचं असतं ना! कडा पार करपलेल्या. सत्तरी उलटली तरी धड एक धिरडं जमत नाही माणसाला. वर लोणी चोपडलं भरपूर. काय ते लाड!

"चल पोरी. लाद्या उचलायला एक हात लागतो."

"माझा पाय लागायचा नाही तिला."

एकटेच गेले. कंबर धरून परत आले.

२४ नोव्हेंबर

येगोरची शेवटची लादी आज चुलीवर चढवली.

मामंजींना सांगून टाकलं, मी चाललेय. म्हणाले, "बरं. जाड मोजे घे." बस्स! एवढंच! माणूस आहे की दगड? रागाने रडले.

२८ नोव्हेंबर

मामंजी पुन्हा एकटेच बर्फ कापायला गेले. उजेड कमी व्हायला लागला तरी पत्ता नाही. शेवटी मीच गेले बघायला. एप्रिलनंतर पहिल्यांदा नदीवर पाय ठेवला.

कापलेल्या भोकापाशी गुडघ्यांवर बसले होते. धिरड्याचे तुकडे करून पाण्यात सोडत होते. बोलत होते! माझ्याशी बोलत नाहीत एवढं.

"घे रे. कडा करपवल्यात, तुला लागतात तशा... तुझी बायको चाललीय. अडवू नको. आजीला सांग, रस्ता नीट दे म्हणावं."

येगोर कडा आधी तोडून खायचा. करपलेल्याच. मी विसरले होते! त्याची बायको, आणि मी विसरले.

मला बघून ओशाळले. मी विचारलंच, "कसं पिता हो हे पाणी?"

"तुला त्याचा बर्फ होता, पोरी. मला काय होतं? तो तिच्यात आहे. म्हणून पितो."

घरी निघालो. लाद्यांनी भरलेल्या घसरगाडीची दोरी मी ओढली.

५ डिसेंबर

मार्फाताईचे यजमान गाडी घेऊन आले. चहा पिऊन एकटेच परत गेले. चहा नव्या बर्फाचा होता, मीही प्यायले.

धिरडी आज मी घातली. कडा करपवून. पहिलं आजीला.