रविवारचा रस्ता

सोमवार, ता. ४
खर्च : कापूस ३५. मलम १४०. दूध २८. रिक्षा जाऊन-येऊन १६०.
औषधापेक्षा रिक्षा महाग. आणि दवाखाना कुठं, तर समोर! दारातून पाटी वाचता येते. पण रस्ता रुंद झाल्यापासून दिवसभर कारखान्यांचे ट्रक. दुभाजकाला आमच्या समोर फट आहे, धडधाकट माणसं तिथून जीव मुठीत धरून जातात. यांना घेऊन मला पार पुलापर्यंत वळसा.
यांच्या पायाची जखम भरत नाही, साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले, "रोज इथं येऊन पट्टी बदलून घ्या, नाहीतर बोटं जातील." रोजची रिक्षा कुठून आणू? एक दिवसाआड नेते.

गुरुवार, ता. ७
एजंट येऊन गेला. पलीकडे दवाखान्याच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. हे घर विकलं तरच परवडतील.
"वहिनी, गिऱ्हाईक मी रविवारी सकाळीच आणणार," म्हणाला. कारखाने बंद, ट्रक नाहीत. "बाजार, बँक, दवाखाना, सगळं चालत फिरवतो. पायी जाता येतं म्हटलं की भाव आपोआप चढतो. तुम्ही रस्त्याचा विषय काढू नका. पाणी द्या आणि हसा."
हे आतून म्हणाले, "पाणी देईल. हसेल याची मात्र खात्री नाही."

रविवार, ता. १०
एक टेलरबाई आल्या. एकट्या राहतात, चाळिशीच्या असतील. एक पाय लहानपणापासून अधू, काठी घेऊन चालतात. एजंटाबरोबर पलीकडे जाऊन आल्या त्या घामाघूम, पण चेहरा फुललेला. "काकू, आता रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या नकोत. शिवलेले कपडे मीच गिऱ्हाइकांना नेऊन देईन." मशीन कुठल्या खिडकीशी ठेवायचं तेही ठरवलं.
मी पाणी दिलं.

सोमवार, ता. ११
सकाळी दारात उभी होते. शेजारची सून भाजीला निघाली. तरणीताठी पोर, फटीपाशी जाऊन अडकली. पुढे जाववेना, मागे येववेना. पदर तोंडाशी धरून तशीच उभी. काठीचं माणूस काय करणार?

रविवार, ता. १७
जमा : विसार ५०,०००. देवापुढे ठेवला.
टेलरबाई म्हणाल्या, "एजंट काय, बोलणारच. मी तुमच्याकडे बघून घर घेतेय, काकू." एजंटानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.
ते गेल्यावर यांना म्हटलं, "सांगून टाकते तिला."
हे म्हणाले, "सांग. आणि माझी बोटं कुठं ठेवायची तेही तिलाच विचार."

मंगळवार, ता. १९
जप झाला नाही. माळ हातात, मन त्या फटीत.

गुरुवार, ता. २१
रिक्षा १६०. मलम १४०.
करंगळी काळी पडली आहे. डॉक्टर म्हणाले, आता एकही दिवस चुकवायचा नाही. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले – "पलीकडच्या खोल्या आठ दिवसांत दुसऱ्याला देणार म्हणे." मला ठाऊक होतं. देवापुढची रक्कम तशीच आहे. तिच्यातून रिक्षा करावी असं मनात आलं. हात लावला नाही. आपली अजून झालेली नाही ती.

शुक्रवार, ता. २२
पत्र लिहिलं. टेलरबाईंचा फोन नंबर एजंट देत नाही. पत्ता विसारपावतीवर मिळाला. यांना वाचून दाखवलं नाही. इथं उतरवून ठेवते –
"ताई, तुम्ही पाहिला तो रविवारचा रस्ता. कामाच्या दिवशी सकाळी या. एजंटाला सांगू नका. आमच्या दारात उभ्या राहा, ओलांडू नका, नुसतं बघा. घर नको वाटलं तर विसार जशाचा तसा आहे, घेऊन जा. यांच्या पायामुळे मला फार थांबता येणार नाही. कधी येता ते उलट टपाली कळवावे."