करवंदीचे काटे

बाबा, तोंडवलीला आपण ज्या घरी तबकडी ऐकायला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा जमलं नाही, आणि आता जमून काही उपयोग नाही. तरी लिहिते आहे. या वयात माणसं अशीच वागतात, निरुपयोगी कामं मन लावून करतात.

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. कट्टा गावच्या बाजारातलं तुमचं घड्याळाचं दुकान, डोळ्याला अडकवलेलं भिंग, आणि मागच्या फळीवर कापड पांघरलेली ग्रामोफोनची पेटी. लोकांच्या पेट्यांना पोलादी सुया असायच्या, तुमच्या पेटीला करवंदीचे काटे. पोलाद तबकडीला खातं, काटा स्वतः झिजतो, हे तुम्ही गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की वेळ विचारायला आलेला माणूससुद्धा ते शिकून जायचा. काटे तोडायला मला डोंगरावर न्यायचात, ते सावलीत वाळवायचे, मग भिंगाखाली धरून कानशीने टोक काढायचं. तबकडीच्या एका बाजूला एक काटा. माझ्या बोटांना कायम ओरखडे असत आणि आई म्हणायची, हिला बघायला येतील ते हात बघून पळतील. सगळ्यांत लाडकी तबकडी तुम्ही मुंबईला शिकाऊ असताना घेतलेली. गाणारी बाई, आणि तिच्या मागे सारंगी. ती वाजायला लागली की तुम्ही एक बोट वर करायचात. मला कळायचं, आता सारंगी येणार.

मग ते बोट वर जाईनासं झालं. सारंगी पेटीतून गेली, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही पेटी उघडलीत, स्प्रिंग बदललीत, साउंडबॉक्समधला अभ्रकाचा पडदा बदललात. त्याच सुमाराला तुम्ही दुरुस्त केलेलं घड्याळ माझ्या कानाशी धरून विचारायला लागलात, "चलता काय गो?" मी "चलता" म्हणायची. आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. घरात जे सगळ्यांना कळतं ते कोणीच बोलत नाही, तसं ते राहिलं.

तोंडवलीचे ते गृहस्थ बोटीवर वायरमन होते. निवृत्त होऊन गावी आले आणि बोटीवरचं एक घड्याळ घेऊन तुमच्या दुकानात आले. घड्याळ राहिलं बाजूला, करवंदीच्या काट्यांवरून दोघांची जी जुंपली ती दुपारपर्यंत. तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याइतका वेडा माणूस भेटला होता. परदेशातून सुटे भाग आणून घरीच एक संच जोडतोय, पुरा झाला की कळवतो, असं सांगून ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांचं कार्ड आलं. तुम्ही ते कार्ड दिवसभर सदऱ्याच्या खिशात ठेवलंत.

आपण गाडीने मालवणला उतरलो, तिथून पुढे चालत खाडीपर्यंत, मग होडी. तबकडी तुम्ही आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेली. होडीत बसल्यावर तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "पेटयेत खोट आसा, काय माझ्या कानात आसा, ता आज समजतला." मग तुम्हीच म्हणालात, "कानात आसली तर ता माझ्यापुरता गो. कान काय, जातलेच. पण माझ्या काट्यानच तबकडी खाल्ल्यान आसात तर?" म्हणजे सगळ्यात जास्त भीती कशाची, ते तुम्ही मला स्वच्छ सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

घर तसं साधंच, पण माजघर बघून तुम्ही उंबऱ्यावरच थबकलात. गावात वीज नव्हती, म्हणून त्यांनी डिझेलचं इंजिन आणलेलं, आणि त्याची धडधड गाण्यात मिसळू नये म्हणून ते माडांच्या बागेपलीकडे खड्डा खणून त्यात बसवलेलं. भिंतींवर गोधड्या. कोपऱ्यात फणसाच्या लाकडाचं माणसाएवढं कपाट, त्यात स्पीकर. कपाटाच्या भिंती दुहेरी आणि मधे समुद्राची वाळू भरलेली, लाकूड थरथरू नये म्हणून. "खारी वाळू पावसात पाणी सोडता," ते तुम्हाला सांगत होते, "म्हणान नऊ पाण्यात धुतलंय, मेस्त्रीनू. बायलेन तांदूळ इतके धुवूक नाय कधी." आतून त्यांची बायको म्हणाली, "आणि बावडेचा पाणी कोणी काढल्यान ता पण सांगा." मग त्यांनी मला काकणं उतरवायला सांगितली. "वाजतत ती." यावर बायको बाहेरच आली. "लोकांच्या चेडवाची काकणां काढूक लावतास? तुमका काय लाज?" मी हसत हसत काकणं काढून कोनाड्यात ठेवली. तुम्हीही हसलात. तुम्हाला इतकं खुशीत मी त्याआधी क्वचितच बघितलं होतं, आणि नंतर तर नाहीच.

काट्याचा प्रश्न होता. त्यांच्या संचाला हिऱ्याची सुई, पिसासारख्या हलक्या दांडीवर बसवलेली. "एक वळ पडाचो नाय, माझा वचन," ते म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि लुगडं उलगडलंत. संचातल्या काचेच्या नळ्या तापून तांबूस झाल्या. मग ती बाई त्या खोलीत येऊन गायला लागली, बाबा. आपल्या पेटीत ती इतकी वर्षं जणू विहिरीतून गात होती, हे मला तेव्हा कळलं. तिचा श्वास ऐकू येत होता. आणि तिच्या मागे सारंगी. इतकी स्वच्छ की तार कुठे घासते तेही कळावं. ते गृहस्थ डोळे मिटून डोलत होते. तुम्ही पुढे वाकून, मान वाकडी करून बसला होतात. बोट मांडीवरच होतं.

तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. मग आवाज वाढवायला सांगितलंत. तिसऱ्यांदा लावल्यावर तुम्ही माझ्याकडे वळून, गाण्याच्याही वर आवाज काढून, विचारलंत, "तुका सारंगी येता काय गो आयकाक?"

मी म्हटलं, "नाय, बाबा."

त्या गृहस्थांनी डोळे उघडले. "नाय? खरा सांग, चेडवा." मी खाली बघून तेच पुन्हा सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुई उचलली आणि तुमच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "जुनी तबकडी ती, मेस्त्रीनू. झिजली आसतली." इतक्या हौसेने उभा केलेला संच, आणि त्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याच्या वतीने हार मानली. मी खोटं बोलले हे त्यांना कळलं होतं. का बोलले, हेही कळलं असावं.

परतीच्या होडीत तुम्ही एकदाच बोललात. "काट्यानच खाल्ल्यान," एवढंच.

त्यानंतर तुम्ही पेटी वाजवली नाहीत. उरलेल्या तबकड्या तरी वाचू देत, असं आईला म्हणालात. वाळवलेल्या काट्यांचा डबा चुलीत रिकामा केलात. तोंडवलीहून आणखी दोन कार्डं आली, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आणि मला आता जे छळतं ते हे, की गाणाऱ्या बाईचा आवाज तुम्हाला अजून नीट ऐकू येत होता. सारंगी गेली तरी बाई पुढची चार-पाच वर्षं तुमच्यापाशी राहिली असती. त्या वर्षांत तुम्ही संध्याकाळी दुकान बंद करून नुसते बाकावर बसायचात. मग खरोखरच काही ऐकू येईनासं झालं आणि तुम्ही गेलात, आपल्याच हातांना दोष देत.

तुमच्या तेराव्यानंतर मी ती तबकडी तालुक्याला एका ओळखीच्या दुकानात नेऊन लावली. सारंगी पहिल्यासारखीच होती. काट्याने काही खाल्लं नव्हतं. गिऱ्हाइकांना ऐकवायचात ते तुमचं म्हणणं खरं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही उरला नव्हतात.

एवढी वर्षं मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना असंच सांगितलं की बापाचं मन राखायला मुलगी खोटं बोलली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मीही मग पदर डोळ्यांना लावते. पण तबकडी तिसऱ्यांदा लावल्यावर तुम्ही ओरडून विचारलंत तेव्हा त्यांची बायको आतल्या दारात उभी राहून हसू दाबत होती, आणि ते फक्त मला दिसलं. हो म्हटलं असतं तर त्या घरात तुम्ही बहिरे ठरला असता, आणि मी बहिऱ्याची मुलगी. मला तुमची लाज वाटली, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, पण तुमचा पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं.