अनुमोदक

उरण, १० मार्च २०२६

चि. विनेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

शिमग्यात तुझा फोन समुद्राला मिळाला आणि तुझ्या बायकोच्या, सोनलच्या फोनवर बोलायचं तर सगळं घर कान लावतं, म्हणून पत्र. फोन कसा पडला ते मला ठाऊक आहे, त्यामुळे पाय घसरल्याची गोष्ट मला सांगू नकोस.

काल दिशा म्हणाली की हाताला धरून मांडवात न्यायला मामाच हवा, पण शुद्धीत हवा. नाहीतर ती हर्षदकाकांचा हात धरील. म्हणाली आणि आत जाऊन रडली. लग्न आठ मेला आहे.

इथल्या दवाखान्यातली नर्स सांगत होती की चौलला दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात. रविवारी चार वाजता, शाळेच्या माडीवर. पाटी नसते. तिथे काय चालतं ते तिलाही नीट सांगता येईना. मला तर फारच उत्सुकता लागली आहे. जा बाबा, आणि काय दिसतं ते कळव.

तुझी काळजी करून थकलेली पण न कंटाळलेली,
सुचिताताई

काशीद, २४ मार्च २०२६

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेलो. पण आधी हसून घे, मग पुढे वाच.

कसली सभा ते विचारायची लाज वाटली, म्हणून टपरीवर नुसतं सभा कुठं हाय एवढंच विचारलं. टपरीवाल्याने जिना दाखवला. वर पंचवीसेक माणसं, सगळ्यांचे चेहरे पडलेले. एकजण उठून डिझेल वेळेवर मिळत नाही म्हणून कळवळून बोलत होता. मला वाटलं, बिचारा यामुळेच प्यायला लागला असेल. दुसरा जाळं फाटल्याचं रडगाणं गाऊन बसला. मी मान डोलावत होतो.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं की आयत्या वेळचा कुणाचा विषय आहे का. मी उभा राहिलो. म्हणालो की मी काशीदचा विनेश, होडीचा तांडेल, अकरा वर्षं पितोय, समुद्रात जाताना आणि आल्यावरही, थांबता येत नाही, आणि भाचीला मांडवात न्यायचंय.

ती मच्छीमार सोसायटीची सभा होती, ताई!

सेक्रेटरी सवयीने लिहीत सुटला होता. लिहून झाल्यावर त्याने मान वर न करताच अनुमोदक कोण म्हणून विचारलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने हात वर केला.

खाली उतरल्यावर तो म्हणाला की तुझी सभा मागच्या जिन्याने, कोपऱ्यातल्या वर्गात. तो स्वतः नऊ वर्षं तिथे जातोय, आज सोसायटीमुळे उशीर झाला. मला घेऊन गेला. सहा माणसं होती आणि चहा. मला कुणी काही विचारलं नाही. मी दोन कप प्यायलो, चहाचेच.

आहे तसा पदरात घ्यावा,
विनेश

उरण, २ एप्रिल २०२६

चि. विनेशला आशीर्वाद.

हसता हसता भाकरी करपली आणि मग रडू आलं. आता सांग, तो म्हातारा कोण? चौलचाच का? तिथे औषध देतात की देवापुढे शपथ घालतात? मुख्य कोण असतो?

एक काळजी आहे. हळदीत पहिला ग्लास मामाच्या हातात द्यायची आपली रीत, आणि ते सगळं हर्षदभावोजींकडे आहे. तू म्हणशील तर मी बंदच करायला लावते. भांडण होईल, होऊ दे. लवकर कळव.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

काशीद, २० एप्रिल २०२६

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

औषध नाही, शपथ नाही, मुख्य कुणी नाही. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. उपदेश कुणी करत नाही, याचंच मला नवल वाटतं. म्हाताऱ्याचं नाव मात्र सांगणार नाही. तिथलं नाव बाहेर न्यायचं नाही.

मधे एकदा घसरलो. होडी भरून आली, खलाशी बसले, मीही बसलो. रविवारी जाऊन सांगितलं. कुणी रागावलं नाही, चहा पुढे केला. पुन्हा एकपासून मोजतोय. आज सोळावा दिवस.

हळदीतलं काही बंद करू नकोस. ग्लास माझ्यापुढे येऊ दे. जन्मभर येतच राहणार आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? एक पाहुणा सोबत आणू का? त्याला नाव विचारू नकोस.

तुझ्या मायेवर उभा,
विनेश

उरण, १० मे २०२६

चि. विनेशला पोटभर आशीर्वाद.

तू दिशाचा हात धरून मांडवात आलास तेव्हा मी अक्षता टाकायच्या विसरले. लोकांना वाटलं लेक सासरी चालली म्हणून रडते.

पण माझ्या डोळ्यांपुढून हळदीची संध्याकाळ हलत नाही. हर्षदभावोजींनी ग्लास पुढे केला, तू हात जोडलेस. त्यांनी रीत मोडू नको म्हणून पुन्हा पुढे केला. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास की मी आता पीत न्हाय. बँजोवालेही थांबले.

आणि मागच्या खुर्चीवरून तुझ्या पाहुण्याने हात वर केला.

कुणाला काही कळलं नाही. वाढप्याला वाटलं म्हाताऱ्याला पाणी हवंय, तो जग घेऊन धावला. मी मात्र दारात उभी राहून पदर तोंडात कोंबला.

त्यांना माझा नमस्कार सांग. नाव विचारलेलं नाही.

अशीच माया ठेव,
ताई