चार तारांचं पार्सल

ता. १४, रविवार

धाकट्या,

पार्सल मिळालं. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल. बाबा समोर बसून सांगतायत, लिही, पिकअप बसवले, आवाज झकास आहे. लिहिलं. आता ते आंघोळीला गेलेत. पुढचं माझं.

माझं लॉन्ड्रीतलं काम तसंच चालू आहे. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे. हात भाजला होता वाफेने, बरा झाला. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

बाबांच्या बेस गिटारचे जुने पिकअप मेले होते. तारांखालच्या त्या काळ्या पट्ट्या रे, तारेचा आवाज उचलून स्पीकरला देतात त्या. बाबा बँडमध्ये जीव तोडून वाजवायचे आणि ऐकू यायची नुसती खरखर. शेवटी मी सुट्टी टाकली आणि त्यांना गिटारवाल्याकडे नेलं. त्याने एकेक जोड ऐकवली. एक पत्र्यावर खडे पडल्यासारखी. एक तोंडात बोळा कोंबल्यासारखी. मला सगळ्या सारख्याच. म्हटलं, "बाबा, उरका, दुकान विकत घ्यायचंय का?" ते आपले डोळे मिटून बसलेले. मग एका जोडीला म्हणाले, "ही. ही पोटातून बोलते." ती ठरवली. घरी येईपर्यंत बाबा गुणगुणत होते.

फोनवर तुला सांगितलं असणार त्यांनी. लगेच तुझं पार्सल हजर. चकचकीत डबा, वर तुझी चिठ्ठी, 'बाबा, सगळ्यात भारी आहेत.' असतील. गिटारवाल्याने डबा उघडला आणि म्हणाला, "काका, हे चार तारांचे आहेत. तुमची गिटार पाच तारांची."

चार तारांची होती ती तू घरात होतास तेव्हा. तिची मान वाकून जमाना झाला. नवी घेतली तेव्हा बाबांनी तुला फोटो पाठवला होता. तू अंगठा पाठवलास. तारा बघितल्या नाहीस.

मी म्हटलं, राहू दे तो डबा, ठरवलेले बसवा. बाबा ऐकतात होय! "पोराने एवढ्या लांबून पाठवलंय." गिटारवाला म्हणाला, "बसवतो, पण एक तार बाहेर राहील. तिचा आवाज येणार नाही. कुठली सोडू?" बाबांनी सगळ्यात जाड तार दाखवली. म्हणाले, "बाकीच्या चार त्याला शिकवल्यात मी." तुझे पिकअप आखूड पडले, म्हणून खाचेत लाकडाचा तुकडा ठोकलाय. गिटारला ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

आता खरं ऐक. बँडची निम्मी गाणी त्या जाड तारेवर आहेत. पहिल्याच कार्यक्रमात बाबा ती तार वाजवतायत आणि स्पीकर मुका. लोक नाचायचे थांबले. बँडचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, गिटार नीट करून आणा, नाहीतर घरी आराम करा." तेव्हापासून बाबा घरी आहेत. त्यांच्या जागी दुसरा वाजवतो. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

मी म्हटलं, काढून टाकू, ठरवलेली जोड अजून दुकानात आहे. तर म्हणतात, "आणि त्याने फोनवर विचारलं, कसे वाजतायत, तर काय सांगू?"

तू विचारणार नाहीस, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

तेव्हा फोन कर. म्हण, बाबा, चुकून चार तारांचे पाठवले, काढून टाका. मी लिहिल्याचं बोलू नकोस. तू एकदा म्हटलंस की ते लगेच करतील. मी इतकी वर्षं त्यांचं सगळं करतेय, माझं म्हणणं त्यांच्या कानात शिरत नाही. याचा मला राग येतो, आणि तो तुझ्यावरच येतो. येऊ दे.

नळ बंद झाला. आता बाहेर येतील आणि काय लिहिलंस ते वाच म्हणतील. झकास आहे इथपर्यंत वाचेन.

त्यांचे तुला आशीर्वाद आहेत. माझे, फोन केलास तर.

ताई