सतरा टक्क्यांची ओळ

प्रिय खुशबू,

दोन रविवार झाले, तू आपल्या प्रोग्रामिंगला बसली नाहीस. आईला अभ्यासाचं कारण सांगितलंस. मला ते पटलं नाही, पण मी विचारलंही नाही. इथल्या मुर्री गावच्या राईस मिलमध्ये आपण दोघांनी लिहिलेला धान मोजायचा प्रोग्राम सुरू झाला, ही इकडची बातमी. त्या बातमीकडे पुढे येतो.

मी कोणाच्या क्लासला न जाता शिकलो, याचा मला केवढा गर्व आहे ते तू जाणतेस. म्हणून तू पुण्यात, मी कुडव्यात, दोघांसमोर एकच स्क्रीन, एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं बघून बोलायचं, यासारखी शाळा नाही असं मला वाटायचं. दर दहा मिनिटांनी लिहिणारा बदलायचा, हा नियम माझाच. मोडला तोही मीच. तुझा कंस एक घर सरकला की माझा हात पुढे. तू गप्प झालीस तर अडलीस की विचार करून राहिलीस, हे इतक्या दुरून दिसत नाही, विचारावं लागतं. मी न विचारता लिहून मोकळा व्हायचो. तुझी आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिले लिहू कवा देता जी? शिकून कोन रायला, पोरगी का तुमी?" मी हसण्यावारी नेलं.

मग तुझी ती नोकरीची मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ऑनलाइन सोबत बसून प्रोग्राम लिहायला सांगितलं, आणि तू माझ्यासोबत बसायचीस तशी अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसलीस. हेही मला आईकडूनच कळलं.

आता जे सांगायला जड जातंय ते. मागच्या महिन्यात माझं नेट वीस मिनिटं गेलं होतं. तेवढ्यात तू एकटीनं एक ओळ लिहिलीस: धानाचा ओलावा सतरा टक्क्यांच्या वर असेल तरच वजन कापायचं, म्हणजे पैसे देताना तेवढं धान कमी धरायचं. मी परत येऊन ती खोडली, माझी लिहिली, आणि वर तुलाच मिलचा नियम नीट वाचायला सांगितलं. काल मिलमधून बिसरामभाऊंचा फोन आला. बरोबर सतरा टक्के ओलावा असलेल्या धानाचंही वजन कापलं जाऊन राहिलं होतं. मी तीनदा तपासलं. चूक माझ्या ओळीत होती. तुझी बरोबर होती.

गुरुवारी त्या बाईंनी तुला पुन्हा मुलाखतीला बोलावलं आहे. त्याआधी एकदा बसशील का? लिहिणार तू. माझ्या बाजूनं टाइप करायची सोय मी बंद केली आहे, आता ती फक्त तुलाच सुरू करता येईल. हे फोनवर बोललो असतो, तर तुझं उत्तरही मीच देऊन टाकलं असतं. म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा